कॅमेऱ्याची पारख : आधी गरज, मग सेन्सर

काट्याची निवड तोलावयाच्या मालावरून करावी, हे व्यापारी घरातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. सराफाच्या काट्यावर ज्वारीचे पोते ठेवीत नाहीत आणि ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर अंगठी तोलीत नाहीत. दोन्ही काटे खरे असतात, फक्त त्यांचे काम निराळे असते. मात्र हेच कुटुंब कॅमेरा घ्यावयास बाहेर पडते तेव्हा ही समज बहुधा घरीच राहते. ‘सर्वांत चांगला कोणता?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो, आणि ‘कशासाठी?’ हा प्रश्न पैसे चुकते झाल्यानंतर सुचतो. त्यामुळे अनेक घरांच्या कपाटांत महागडे कॅमेरे धूळ खात पडलेले असतात आणि कुटुंबातील खरे प्रसंग फोनवरच टिपले जातात.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडी वसलेली आहे. एका बाजूला गुजरातची सीमा, दुसऱ्या बाजूला कोंडाईबारीचा घाट आणि सभोवती डोंगर, शेती व जंगल अशा या गावात दुकान चालवणाऱ्या कुटुंबाला कॅमेऱ्याची कामे साधारणपणे चार प्रकारची पडतात. दुकानातील मालाचे चित्र ग्राहकाला धाडणे हे पहिले. घरातील लग्नकार्य आणि वडीलधाऱ्यांची छबी जपणे हे दुसरे. तीर्थयात्रा व प्रवास हे तिसरे. आणि घरातील एखाद्या तरुणाला सातपुड्यातील पक्ष्यांचा किंवा मेळ्यांचा छंद लागला, तर ते चौथे. या चारही कामांना एकच कॅमेरा सारख्याच गुणाने पुरा पडेल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

या निवडीचे मर्म सेन्सरमध्ये आहे. लेन्समधून आलेला प्रकाश ज्या पातळ तबकडीवर पडतो आणि ज्या तबकडीत त्याचे विद्युत संकेतांत रूपांतर होते, ती तबकडी म्हणजे सेन्सर. पूर्वी हे काम फिल्म करीत असे. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला अंकीय कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याच्या सेन्सरवर अवघे शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज खिशातील फोनमध्येही कोट्यवधी बिंदू असतात. म्हणून बिंदूंची संख्या, म्हणजेच मेगापिक्सेल, ही आता निवडीची खरी कसोटी उरलेली नाही. तबकडीचा आकार ही त्याहून महत्त्वाची बाब आहे.

आकारांचा हिशेब असा. ‘फुल फ्रेम’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. ऑस्कर बर्नाक यांनी सिनेमाच्या फिल्मच्या दोन चौकटी एकत्र करून जे माप ठरवले आणि १९२५ मध्ये लायका कॅमेऱ्यातून बाजारात आणले, तेच हे माप होय. त्याचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याखालोखाल ‘एपीएस-सी’ येतो. निकॉन, सोनी व फुजीफिल्म यांच्याकडे तो सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे अंदाजे ३६७ चौरस मिलिमीटरचा असतो. कॅननचा त्याहून किंचित लहान असतो. ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये जाहीर केलेल्या ‘मायक्रो फोर थर्ड्स’ पद्धतीत तो १७.३ गुणिले १३, म्हणजे २२५ चौरस मिलिमीटर असतो. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. येथे ग्राहकाने सावध राहावे. या सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच नसते आणि त्याचा कर्णही जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. हे नाव जुन्या दूरदर्शन कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाह्य व्यासावरून चालत आले आहे. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सर तर केवळ २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातील सेन्सर आज त्याहून बराच मोठा झाला आहे. फुल फ्रेमच्या वर ४४ गुणिले ३३ मिलिमीटरचे मध्यम आकाराचे कॅमेरेही मिळतात. परंतु ते व्यावसायिकांचे साधन आहे, कुटुंबाचे नव्हे.

मोठ्या सेन्सरचा लाभ कोणता? पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी शेजारी शेजारी ठेवली, तर सर दोहोंवर सारखीच कोसळते, परंतु परातीत पाणी अधिक साचते. प्रकाशाचेही तसेच आहे. लेन्सचा एफ-क्रमांक आणि शटरचा वेग सारखा ठेवला, तर फुल फ्रेमवर एपीएस-सीच्या सुमारे २.३५ पट, मायक्रो फोर थर्ड्सच्या ३.८ पट आणि एक इंचीच्या साडेसात पट प्रकाश गोळा होतो. प्रकाश जितका अधिक, तितका चित्रातील रवाळपणा कमी. भर दुपारी हा भेद जाणवत नाही, कारण तेव्हा वाटीही काठोकाठ भरते. संध्याकाळच्या मंगल कार्यालयात, दिव्यांच्या मंद उजेडात किंवा जुन्या वाड्याच्या माजघरात तो ठळकपणे दिसू लागतो.

परंतु येथेच बहुतेक खरेदीदारांचा हिशेब चुकतो. मंद उजेडात चित्रे रवाळ येतात म्हणून ते एपीएस-सी कॅमेरा विकून फुल फ्रेम घेतात आणि मोठी रक्कम खर्च करून २.३५ पट प्रकाश मिळवतात. वास्तविक दोष पुष्कळदा कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या साध्या झूम लेन्सचा असतो. ती लेन्स पुढे सरकवल्यावर तिचे मुख एफ/५.६ पर्यंत आकसते. तिच्या जागी एफ/१.८ ची एक साधी, झूम नसलेली लेन्स बसवली, तर त्याच सेन्सरवर सुमारे साडेनऊ पट प्रकाश पडतो. ज्या दालनात पूर्वी आयएसओ ६४०० ठेवावा लागे, तेथे ६४० च्या आसपास काम भागते. अशा लेन्सची किंमत नव्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या मानाने अल्प असते. थोड्या भांडवलात अधिक लाभ कोठे आहे, हे व्यापाऱ्याला याहून स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

फोन मात्र या नियमाला एका युक्तीने वळसा घालतो. तो क्षणार्धात अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो आणि लहान सेन्सरची उणीव गणिताने भरून काढतो. समोरचा विषय स्थिर असेल तर ही युक्ती उत्तम साधते. विषय हलू लागला की तिची मर्यादा उघडी पडते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीत रात्रभर नृत्य चालते आणि होळी पहाटे पेटते. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. नाचणारे पाय आणि उधळलेला घोडा यांची बेरीज करता येत नाही. तेथे एकाच क्षणात पुरेसा प्रकाश पकडणारा मोठा सेन्सर आणि मोठ्या मुखाची लेन्सच उपयोगी पडते.

आता पक्ष्यांच्या छंदाकडे वळू. या छंदाच्या बाबतीत नंदुरबारच्या भूमीला स्वतःचा इतिहास आहे. रानपिंगळा नावाच्या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात या भागात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीलायक पुरावा कोणालाच मिळाला नाही. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे एक पक्षी मिळाल्याची नोंद केली होती. अमेरिकेतील संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो जुन्याच संग्रहातून उचलून खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे निष्पन्न झाले. खोटी नोंद बाजूला सारून त्यांनी खऱ्या जुन्या ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनंतरच्या या भेटीचा पुरावा म्हणून पक्षी मारून नेण्यात आला नाही. त्याची चित्रफीत आणि छायाचित्रे घेण्यात आली. एका जीवाच्या अस्तित्वाची साक्ष कॅमेऱ्याने दिली.

हाच पक्षी डोळ्यांसमोर ठेवून सेन्सरचा हिशेब करता येतो. रानपिंगळ्याची लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. तो ३० मीटर अंतरावर बसला आहे आणि कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स आहे, असे समजू. सेन्सरवर त्याची प्रतिमा २.३ मिलिमीटर उंचीची उमटेल. सेन्सर लहान असो वा मोठा, ही उंची बदलत नाही, कारण ती लेन्स आणि अंतर यांनीच ठरते. फुल फ्रेमच्या २४ मिलिमीटर उंचीत ती एक दशांशाहूनही थोडी कमी जागा व्यापते, एपीएस-सीमध्ये सुमारे एक सप्तमांश आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये एक षष्ठांशाच्या किंचित वर. ‘लहान सेन्सर पक्षी जवळ आणतो’ असे विक्रेते सांगतात, त्याचा अर्थ एवढाच की तो भोवतालचा भाग कापून टाकतो.

तरीही या कापण्यात लाभ आहेच. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर त्या पक्ष्याच्या वाट्याला सुमारे ३८० बिंदू येतात. तितक्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे ५९० आणि २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर ६९० च्या आसपास. बिंदू दाट असल्याने पिसांचा तपशील अधिक मिळू शकतो, मात्र लेन्स तीक्ष्ण आणि उजेड पुरेसा हवा. फुल फ्रेमला एवढा तपशील हवा असेल तर कितीतरी अधिक मेगापिक्सेलचा महाग कॅमेरा किंवा अधिक लांब, जड लेन्स लागते. म्हणून डोंगर चढून पक्षी पाहणाऱ्या हौशी व्यक्तीने एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स निवडणे हा कमीपणा नसून शहाणपणा आहे. निकॉनच्या पी१००० सारख्या कॅमेऱ्याची लेन्स ५३९ मिलिमीटरपर्यंत जाते आणि त्याच्या इवल्याशा सेन्सरवर तोच पक्षी जवळजवळ पूर्ण चौकट भरतो. पण त्या टोकाला लेन्सचे मुख एफ/८ असते. स्वच्छ उन्हात तो कॅमेरा थक्क करतो, झाडीतल्या सकाळच्या अंधुक उजेडात मात्र हात टेकतो. रानपिंगळा दिवसाही वावरतो, ही छायाचित्रकाराच्या दृष्टीने सोयीची गोष्ट. त्याच्या डोळ्यांवर फ्लॅशचा झोत टाकण्याचे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला हैराण करण्याचे काहीही कारण नाही.

दुकानातील मालाचे गणित याच्या उलट आहे. साडीचा काठ, भांड्याची घडण किंवा धान्याचा दाणा दाखवावयाचा असता पुढचा व मागचा सर्व भाग स्पष्ट हवा असतो. सेन्सर मोठा आणि लेन्सचे मुख उघडे असले की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. व्यक्तिचित्रात हीच गोष्ट मोहक ठरते, कारण चेहरा उठून दिसतो आणि मागची गर्दी विरून जाते. मालाच्या चित्रात ती अडचण होते. लहान सेन्सरचा फोन येथे अंगभूत गुणानेच सरस ठरतो. खिडकीतून येणारा मऊ उजेड, सावलीच्या बाजूस धरलेला पांढरा पुठ्ठा आणि हात न हलण्यासाठी एक छोटी तिवई एवढ्या सामग्रीवर विसरवाडीच्या दुकानातून सुरतेच्या व्यापाऱ्याला पाठवण्याजोगे चित्र निघते. त्यासाठी वेगळा कॅमेरा घेणे म्हणजे भांडवल अडकवणे होय.

यात्रेचे गणित तिसरेच. मांगीतुंगी येथे डोंगराच्या पाषाणात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिची प्रतिष्ठापना झाली. १०८ फूट म्हणजे सुमारे ३३ मीटर. उभ्या चौकटीत ती पूर्ण बसवावयाची झाल्यास फुल फ्रेमवरील २४ मिलिमीटरच्या लेन्सने किमान २२ मीटर अंतर लागते, आणि फोनची नेहमीची रुंद लेन्सही साधारण तेवढ्याच अंतरावरून तिला सामावून घेते. एपीएस-सीवरील १८ मिलिमीटरला २५ मीटर लागतात. घरच्यांच्या चित्रांसाठी आवडीने घेतलेली ५० मिलिमीटरची लेन्स मात्र एपीएस-सीवर ७० मीटर मागे जावयास लावते. तात्पर्य, यात्रेत रुंद लेन्स आणि हलके सामान या दोन गोष्टी सेन्सरच्या आकाराहून अधिक मोलाच्या आहेत. फुल फ्रेमची एफ/२.८ ची चांगली झूम लेन्स एकटीच ७०० ते ९०० ग्रॅम भरते. मायक्रो फोर थर्ड्सची तशीच लेन्स चारशे ग्रॅमच्या आत मिळते. एफ-क्रमांक एकच असला तरी दोहोंचे काम तंतोतंत सारखे नसते, हे खरे. परंतु पायऱ्या चढताना खांद्याला जाणवते ते वजन. अनेक मंदिरांच्या गाभाऱ्यांत छायाचित्रणास मनाई असते, हेही लक्षात ठेवून सामान बांधावे.

सेन्सर ठरला की प्रश्न येतो पद्धतीचा. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेणे म्हणजे एका कंपनीच्या पेठेत गाळा घेण्यासारखे आहे. कॅमेरा काही वर्षांनी बदलतो, पण लेन्स दीर्घकाळ टिकतात आणि त्या त्याच पद्धतीच्या खाचेत बसतात. म्हणून पेठ चालू राहील काय, हे आधी पाहावे. निकॉनने २०११ मध्ये एक इंची सेन्सरची ‘निकॉन १’ पद्धत आणली आणि २०१८ मध्ये ती थांबवली. ज्यांनी तिच्या लेन्स जमवल्या होत्या त्यांचा पुढचा मार्ग खुंटला. ऑलिंपसने २०२१ च्या आरंभी आपला कॅमेरा व्यवसाय सोडला, पण तो नव्या कंपनीच्या हाती चालू राहिल्याने त्या लेन्सधारकांचे नुकसान टळले. सोनीची ई, कॅननची आरएफ आणि निकॉनची झेड या खाचांवर एपीएस-सी व फुल फ्रेम असे दोन्ही कॅमेरे मिळतात. त्यामुळे आज लहान सेन्सरपासून आरंभ करून उद्या मोठ्याकडे जाता येते, मात्र फुल फ्रेमचे संपूर्ण वर्तुळ व्यापणाऱ्या लेन्स घेतल्या असतील तरच त्या तेथे पूर्ण गुण देतात. फुजीफिल्मची एक्स पद्धत एपीएस-सीपुरती आहे आणि मायक्रो फोर थर्ड्स स्वतःच्याच मापापुरती.

कपाटात आरशाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्स असतील तर त्या मोडीत काढण्यापूर्वी थोडे थांबावे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स जोडकडीने नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर चांगल्या चालतात. निकॉनच्या जुन्या लेन्सही जोडकडीने झेड कॅमेऱ्यावर बसतात. परंतु ज्यांच्या अंगी स्वतःची मोटर नाही, अशा लेन्सचा फोकस तेथे हाताने फिरवावा लागतो. उलटपक्षी, सर्वांची धाव नव्या मिररलेसकडे असल्याने आरशाचे कॅमेरे व त्यांच्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्त झाल्या आहेत. शिकणाऱ्या तरुणासाठी असा जोड ही किफायतीची सुरुवात आहे. मात्र लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. नवापूरच्या दमट पावसाळ्यात ही बुरशी पटकन धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हा तिच्यावरील स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय.

मेगापिक्सेलचा मोहही येथेच आवरावा. १२ मेगापिक्सेलच्या चित्रातून इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने १३ गुणिले १० इंचांची छपाई होते. २४ मेगापिक्सेलमधून २० गुणिले १३ इंचांची. दिवाणखान्याच्या भिंतीवरील बहुतेक चौकटी याहून मोठ्या नसतात.

या सर्वांचा ताळेबंद असा मांडता येईल. केवळ दुकान आणि घरगुती आठवणी यांसाठी चांगला फोन पुरेसा आहे. घरातील समारंभ आणि मुलांची धावपळ नीट टिपावयाची असेल, तर एपीएस-सी कॅमेरा आणि एफ/१.८ ची एक लेन्स हा मध्यम मार्ग. यात्रा व पायपीट अधिक असल्यास मायक्रो फोर थर्ड्स. पक्ष्यांचा छंद असेल तर लहान सेन्सर आणि खर्चाचा मोठा भाग लांब लेन्सवर. फुल फ्रेम त्याने घ्यावा, ज्याचे काम वारंवार अंधुक उजेडात हलणाऱ्या विषयांशी पडते किंवा ज्याला त्यातून उत्पन्न मिळवावयाचे आहे. वर्षाकाठी दोन लग्नांसाठी तो विकत घेण्याऐवजी भाड्याने आणणे परवडते. आणि कोणतीही खरेदी करण्यापूर्वी फोनमधील गेल्या वर्षाची चित्रे चाळावीत. जी फसली, ती उजेडाअभावी फसली, अंतरामुळे की घाईमुळे, याची मोजदाद केली की पैसा कोठे घालावा याचे उत्तर तेथेच मिळते.

मात्र कॅमेरा कोणताही असो, चित्र काढल्यावर एक काम उरतेच. रानपिंगळ्याच्या बाबतीत एका खोट्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांना वर्षानुवर्षे चुकीच्या जागी पाठवले आणि जुन्या खऱ्या नोंदींनी अखेर योग्य ठिकाणी पोहोचवले. घरातील आजोबांचे चित्र, त्यांच्या दुकानाची पहिली पाटी, जुन्या घराचा ओटा ही सर्व चित्रे नाव, गाव आणि तारीख यांच्याविना तिसऱ्या पिढीला परकी होतात. कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर लावावे, निवडक चित्रांवर नावे लिहावीत, त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा मोजकी चित्रे छापून घ्यावीत. या कामाला सेन्सर लागत नाही. वहीखात्यात जी शिस्त रोज पाळली जाते, तीच येथेही पुरते.